जलसंजीवनीतली साखर कशासाठी?

पावसाळा सुरू झाला की आमच्या शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढायला लागतात. कुणाला ताप, कुणाला सर्दी आणि बऱ्याच जणांचं ‘पोट बिघडलंय’. म्हणून दर वर्षी जूनच्या शेवटी मी चौथीच्या मुलांना जलसंजीवनी करायला शिकवते. टेबलावर पाण्याचा तांब्या, साखरेचा डबा, मिठाची बरणी आणि चमचा. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मुलांना हा तास फार आवडतो, कारण शेवटी सगळ्यांना घोट घोट प्यायला मिळतं!

एका वर्षी शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, जुलाबातून मीठ जातं म्हणून मीठ घालायचं, हे कळलं. पण साखर कशाला? गोड लागावं म्हणून?”

सगळा वर्ग हसला. मी सांगून टाकलं, “ताकद येण्यासाठी.” तास संपला, पण घरी जाताना मला वाटत राहिलं, की आपण उत्तर दिलं नाही, वेळ मारून नेली. कारण सहा चमचे साखरेत अशी किती ताकद असणार? मग पुस्तकं काढून बसले. खरं उत्तर सापडलं तेव्हा मीच थक्क झाले. साखर चवीसाठी नाही आणि मुख्यतः ताकदीसाठीही नाही. ती एक किल्ली आहे. आपल्या आतड्यातल्या पेशींचं एक खास दार त्या किल्लीने उघडतं.

ती किल्ली कशी चालते, ते समजून घ्यायला आधी स्वयंपाकघरात जाऊ या.

कैरीला पाणी कुठून सुटलं?

आई कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते. त्यात थेंबभरही पाणी घालत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पातेल्याच्या तळाशी खारट पाणी साचलेलं असतं. काकडीच्या कोशिंबिरीत आधी मीठ घातलं तर जेवायला बसेपर्यंत तिचं पाणी पाणी होतं. उलट, खिरीत घालायचे बेदाणे पाण्यात टाकून ठेवले, तर सकाळी टम्म फुगलेले दिसतात.

कैरीतून पाणी बाहेर आलं, बेदाण्यात पाणी आत गेलं. पाण्याला हे सांगितलं कुणी?

उत्तर एका साध्या नियमात आहे. अगरबत्ती देवघरात लावली तरी वास ओसरीपर्यंत येतो, कारण गर्दीच्या ठिकाणचे कण विरळ जागेकडे पसरत जातात. याला म्हणतात विसरण. पाणीही तसंच वागतं. फक्त मध्ये एक बारीक पडदा असतो. तो पाण्याला सहज जाऊ देतो, पण मीठ-साखरेला अडवतो. अशा वेळी जिकडे मीठ किंवा साखर जास्त, तिकडे पाणी जातं. याला म्हणतात परासरण. कैरीच्या बाहेर मीठ जास्त, म्हणून पाणी बाहेर. बेदाण्याच्या आत साखर जास्त, म्हणून पाणी आत.

एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा: जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी धावतं. पुढची सगळी गोष्ट याच वाक्यावर उभी आहे.

याच कारणाने लोणचं टिकतं. बरणीत चुकून एखादा जंतू शिरलाच, तर बाहेरचं मीठ त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. आणि शेतात युरिया एकाच जागी जास्त पडला की रोप करपतं, तेही याचमुळे. खत तिथेच, पाणीही तिथेच, पण मुळांना पाणी ओढता येत नाही.

सव्वा लाख पडदे, एक मिलिमीटर!

तुमचं-माझं शरीर पेशींचं बनलेलं आहे, हे तुम्ही शाळेत शिकता. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. पातळ म्हणजे किती? असे सव्वा लाख पडदे एकावर एक रचले, तर त्यांची जाडी जेमतेम एक मिलिमीटर भरेल!

हा पडदा मुख्यतः स्निग्ध पदार्थाचा असतो. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेन्डेल या नेदरलँड्समधल्या दोन शास्त्रज्ञांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधला सगळा स्निग्ध पदार्थ काढला आणि पाण्यावर पसरवला. त्याचा थर पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट जागा व्यापतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे पडदा दुहेरी असणार, गोधडीच्या दोन पदरांसारखा.

आता विचार करा. आमटीवर तेलाचा तवंग येतो, तो पाण्यात मिसळतो का? नाही. मग पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा साखर या स्निग्ध पडद्यातून आरपार कशी जाणार? नाहीच जात. प्राणवायूसारखे काही छोटे कण मात्र सहज निसटतात, कुंपणाच्या फटीतून मांजराचं पिल्लू जावं तसे. बाकीच्यांनी फाटकातूनच यायचं! आणि पेशीला एक-दोन नाही, अनेक प्रकारची फाटकं असतात. ती प्रथिनांची बनलेली असतात. तीन फाटकांची ओळख करून घेऊ.

पहिलं फाटक : पाण्याचं. पाणी थोडंफार पडद्यातून झिरपतं, पण ते फार सावकाश. मग काही पेशींतून ते इतक्या झपाट्याने कसं जातं? हे कोडं अमेरिकेतल्या पीटर अ‍ॅग्री यांनी सोडवलं. तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करताना त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याचं काम काय, ते कळेना. मग त्यांच्या गटाने बेडकाची अंडी घेतली. बेडकाची अंडी तळ्यातल्या पाण्यातही फुगत नाहीत, कारण त्यांच्या पडद्यातून पाणी फारसं आत जात नाही. या गटाने अशी सोय केली की काही अंड्यांमध्ये ते नवं प्रथिन तयार होईल. मग ती अंडी पाण्यात सोडली. साधी अंडी जशीच्या तशी राहिली. प्रथिनवाली अंडी फुगली आणि फटाफट फुटली! १९९२ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि पाण्याचं फाटक सापडलं. अशा एका फाटकातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जाऊ शकतात. अ‍ॅग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरं फाटक : पंपाचं. पाणी उतारावर आपोआप वाहतं, पण विहिरीतून वर चढवायचं तर मोटार लागते, वीज लागते. मिठातला सोडियम पेशीबाहेर भरपूर असतो आणि सारखा आत यायला बघतो. त्याला पकडून बाहेर फेकणारा एक पंप पेशीच्या पडद्यात बसवलेला असतो. दर फेरीला तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. त्यासाठी पेशी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च करते. तुम्ही गाढ झोपलेले असता, तेव्हाही हे पंप चालूच असतात. हा पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी शोधला, तोही खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंचा अभ्यास करताना! १९९७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचाही वाटा होता.

तिसरं फाटक : ट्रिपल सीटचं. हे आपल्या गोष्टीतलं खरं नायक. लहान आतड्याच्या पेशींवर एक फाटक असतं. त्याची अट विचित्र आहे. एकट्या सोडियमला प्रवेश नाही. एकट्या ग्लुकोजलाही प्रवेश नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज, असे तिघं एकत्र आले तरच फाटक फिरतं आणि तिघांना आत घेतं. रस्त्यावर ट्रिपल सीट गेलं तर पोलीसमामा शिट्टी मारतात. इथे मात्र ट्रिपल सीट नसेल तरच अडवतात!

आपण खातो ती साखर आतड्यात फुटते आणि तिच्यातून ग्लुकोज मिळतं. सोडियम आणि ग्लुकोज पेशीत शिरतात आणि दुसऱ्या बाजूने रक्ताकडे जातात. आता आपलं वाक्य आठवा. जिकडे मीठ-साखर जास्त, तिकडे पाणी धावतं. म्हणजे त्यांच्यामागोमाग पाणीही आतड्यातून रक्तात येतं.

नळ उघडाच राहिला तर?

आतड्यात रोज किती पाणी येत असेल? प्यायलेलं, जेवणातलं आणि शरीराने स्वतः सोडलेले पाचकरस मिळून मोठ्या माणसाच्या आतड्यात दिवसाला आठ-नऊ लिटर. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं. शौचावाटे जातं ते फक्त पेलाभर.

कॉलरा झाला की हे गणित कोलमडतं. कॉलऱ्याचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. कोलकात्याच्या डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशांवर प्रयोग करून हे विष असल्याचं दाखवून दिलं. जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही सशांच्या आतड्यात पाणी साचलं! या विषामुळे पेशींवरचं क्षार बाहेर सोडणारं एक फाटक उघडंच राहतं. क्षार आतड्यात वाहून येतात, त्यांच्यामागे पाणी धावतं, आणि चावी तुटलेल्या नळासारखी धार लागते. रोग जोरात असेल तर मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं. डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात, आणि वेळेवर पाणी मिळालं नाही तर माणूस काही तासांत दगावतो.

मग नुसतं पाणी प्यायलं तर? क्षारच परत येत नाहीत, तर पाणी कुणामागे येणार? ते तसंच वाहून जातं. नुसतं मिठाचं पाणी? मिठाच्या नेहमीच्या वाटा त्या विषाने अडवलेल्या असतात.

पण ट्रिपल सीटच्या फाटकाला ते विष हात लावू शकत नाही! ते फाटक चालूच असतं. फक्त त्याला हवी असते जोडी, मीठ आणि साखर. म्हणून जलसंजीवनीत साखर. कळलं?

सोडियम आणि ग्लुकोज जोडीने जातात, ही कल्पना अमेरिकेच्या रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग शहरातल्या एका परिषदेत मांडली. पुढे १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून पाहिलं. शिरेतून द्यायच्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

तरीही पुष्कळ डॉक्टरांना खात्री वाटेना. इतका भयंकर रोग, आणि औषध काय तर मीठ, साखर, पाणी?

बनगावच्या दोन खोल्या

१९७१ साल. बांगलादेशचं मुक्तियुद्ध सुरू होतं. सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या छावण्यांत पावसाळ्यात कॉलरा पसरला. तिथल्या इस्पितळात कॉलऱ्यासाठी दोन खोल्या होत्या, आणि रुग्ण शेकड्यांनी. खाटा भरल्या, जमीन भरली. कोलकात्याहून आलेले डॉ. दिलीप महालनबीस अक्षरशः घाणीत गुडघे टेकून रुग्णांना सलाईन लावत होते. पण सलाईनचा साठा संपत आला. लावायला शिकलेली माणसंही पुरेशी नव्हती.

डॉक्टरांपुढे दोनच वाटा होत्या. हात बांधून बघत राहायचं, किंवा अजून सगळ्यांनी मान्य न केलेला उपाय करायचा. त्यांनी दुसरी वाट धरली. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा, अशा पुड्या कोलकात्यात बांधून घेतल्या. बनगावला त्या पाण्यात कालवून ड्रम भरले. आणि पाजायचं कुणी? आईने, बापाने, बहिणीने, जो कुणी रुग्णासोबत असेल त्याने. त्यासाठी सुई लागत नव्हती की शिकलेली नर्स.

आधी त्या छावण्यांत कॉलऱ्याच्या शंभर रुग्णांपैकी तीसच्या आसपास दगावत होते. डॉ. महालनबीस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत हे प्रमाण शंभरात चारपेक्षाही खाली आलं.

त्यानंतर जगाचे डोळे उघडले. जागतिक आरोग्य संघटनेने हा उपाय देशोदेशी पोचवला, आणि त्याने आजवर कोट्यवधी जीव वाचवले आहेत. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

माझा चुकलेला तांब्या

आता एक घरची गोष्ट. मी चौथीत असताना माझ्या धाकट्या भावाला जुलाब लागले. तो दोन वर्षांचा होता. आजी म्हणाली, “पोटात पाणी ठरत नाहीये, तर देऊच नका. आतडं जरा कोरडं पडू दे.” आजीचा जीव होता त्याच्यावर, तिच्या लहानपणापासून तिने हेच ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत भाऊ रडायचा थांबला. मला वाटलं, बरं वाटतंय त्याला. पण शेजारच्या नर्सताई आल्या आणि त्यांचा चेहराच बदलला. रडताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, आणि आता तर त्याला रडायचंही त्राण नव्हतं. त्यांनी लगेच जलसंजीवनी केली आणि दवाखान्याच्या वाटेवरही चमच्या-चमच्याने पाजत राहिल्या. भाऊ वाचला.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, तेव्हा मी मोठ्या मायेने स्वतः पाणी केलं. साखर चांगली मूठभर घातली, लवकर बरा व्हावा म्हणून. नर्सताईंनी एक थेंब जिभेवर टेकवला आणि अख्खा तांब्या मोरीत ओतला! मला रडूच आलं. त्या एवढंच म्हणाल्या, “बाळा, जास्त साखर म्हणजे जास्त जुलाब.”

का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तुम्हाला मात्र आत्ताच कळेल. फाटकांना पेलवेल त्यापेक्षा जास्त साखर आतड्यात गेली, की ती तिथेच साचते. आणि जिकडे साखर जास्त, तिकडे पाणी धावतं! म्हणजे रक्तातलं पाणी उलट आतड्यात. कैरीच्या फोडीचं जे झालं, तेच बाळाचं होईल. बाटलीतली गोड शीतपेयं जुलाबात देऊ नयेत, ती याचसाठी. जास्त मीठ तर आणखी धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली पुडीचं प्रमाण बदललं, तेही मीठ आणि ग्लुकोज दोन्ही आधीपेक्षा कमी करून. इथे ‘अंदाजपंचे’ चालत नाही.

हे लक्षात ठेवा

* सगळ्यात उत्तम म्हणजे सरकारी दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी. पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण कालवा.
* पुडी नसेल तर : उकळून गार केलेलं पाणी १ लिटर, साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, म्हणजे ५ मिलिलिटरचा. शीग काढून सपाट करा.
* दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला पाव ते अर्धा कप, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक कप. त्याहून मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग सावकाश, चमच्याने पाजा.
* बाळाचं अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण बंद करू नका.
* केलेलं पाणी झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं टाकून द्या.
* मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिता येईना, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा शौचातून रक्त पडलं, तर ताबडतोब डॉक्टर. जलसंजीवनी वाटेतही पाजत राहा. लहान मुलांना झिंकच्या गोळ्याही देतात. त्या डॉक्टरांना विचारून.

करून पहा

एका बटाट्याच्या बोटाएवढ्या दोन सारख्या फोडी कापा (मोठ्यांच्या मदतीने). एका वाटीत साधं पाणी घ्या. दुसऱ्या वाटीत पाणी आणि तीन चमचे मीठ. एकेक फोड टाका आणि दोन-तीन तास खेळायला जा. परत आल्यावर दोन्ही फोडी वाकवून पहा. एक कडक असेल, दुसरी लुळी. कोणती कुठली, ते आधी वहीत लिहून ठेवा आणि मगच वाट्यांत हात घाला!

आता राहिला आमच्या शेवटच्या बाकावरचा प्रश्न. पुढच्या आठवड्यात मी वर्गात कबूल केलं, की माझं उत्तर अपुरं होतं. मग तीन मुलांना पुढे बोलावलं. दोघांच्या गळ्यात ‘सोडियम’ची पाटी, एकाच्या गळ्यात ‘ग्लुकोज’ची. दारात शिपाई म्हणून उभा केला तो प्रश्न विचारणाराच. एकटं कुणी आलं की तो अडवायचा, तिघं हात धरून आले की सलाम ठोकून आत सोडायचा. आणि त्यांच्यामागे ‘पाणी’ झालेला सगळा वर्ग गलका करत आत!

त्या वर्षी पावसाळ्यात एका मुलीने येऊन सांगितलं, “बाई, काल माझ्या काकूने तान्ह्याचं पाणी बंद केलं होतं. मी तिला ट्रिपल सीट समजावलं.”

“मग?”

“मग काकूने पाजलं. पण चमचा मीच सपाट केला.”